नाव न विचारता वाढलेले ताट

विमलताईंची आणि माझी पहिली भेट एका तक्रार अर्जामुळे झाली. तक्रार अर्थातच माझी होती. उभी हयात बुधवार पेठेतल्या एका पुस्तकांच्या दुकानात काढल्यावर, पत्नीच्या आग्रहाने मी हडपसरला लिफ्ट असलेल्या सोसायटीत राहायला आलो. तिचे गुडघे दुखत. त्या लिफ्टचा उपयोग तिला जेमतेम आठ महिने झाला. त्यानंतर मी एकटाच वरखाली करत होतो, दूध-ब्रेड खात होतो, आणि समोरच्या कांद्याच्या जुन्या वखारीतून रोज सकाळी अकराच्या सुमारास येणाऱ्या फोडणीच्या वासावर चिडत होतो. वखारीत कुणीतरी 'शेजारचूल' नावाचे स्वयंपाकघर सुरू केले होते. तिथे येणाऱ्यांच्या सायकली आमच्या फाटकासमोर उभ्या राहत. मी समास सोडून, मुद्दे पाडून अर्ज लिहिला आणि तो द्यायला स्वतः गेलो.

ताईंनी चष्मा लावून अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग म्हणाल्या, "पिनकोड चुकलाय. हा बुधवार पेठेचा आहे."

मी ओशाळलो. पुढे काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी विचारले, "लसूण सोलता येतो?"

"येतो," मी म्हणालो. खोटे कशाला बोला!

"मग बसा. अर्जाचा विचार जेवणं झाल्यावर करू."

या गोष्टीला अकरा वर्षे झाली. अर्जाचा विचार अजून चालू आहे आणि मी अजून लसूण सोलतो आहे.

बसता बसता मी रीतसर माझी ओळख करून द्यायला लागलो. नाव सांगितले, वडिलांचे नाव सांगितले, आणि आडनावाशी पोचणार तोच ताईंनी हात वर केला. "पुढचं राहू द्या. चपला जिथं काढल्यात तिथंच ठेवा ते. जाताना घेऊन जा." मला तो उद्धटपणा वाटला. पुण्यात राहूनही मला तसे वाटावे, यावरून वाचकांनी काय तो अंदाज करावा.

ताईंच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी लिहा, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा एक सूचनाही केली होती. दोन वर्षांपूर्वीची ती दुःखद घटना शक्यतो टाळावी, कारण प्रसंग आनंदाचा आहे. गौरवग्रंथांचा माझा अनुभव मोठा आहे. दुकानात मी ते गठ्ठ्याने विकले आहेत, आणि न विकले गेलेले गठ्ठ्याने परत पाठवले आहेत. त्यांतल्या माणसांच्या हातून कधी काही चुकलेले नसते. तरी मंडळाचा मान राखून मी ताईंनाच विचारले. त्या तेव्हा मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ते गाळणार असाल तर लेखच नको. पान कोरं सोडा. लोकांना वाटेल, छपाईत राहून गेलं."

म्हणून मी तेच लिहिणार आहे. आमच्या पंगतीत रोज जेवणारे एक गृहस्थ बेवारस म्हणून गेले, आणि ते तसे गेले ते ताईंच्या एका नियमामुळे. त्यानंतर ताई उभ्या राहतात की नाही, आणि त्या उभ्या न राहिल्या तर आमच्यासारख्यांनी दुपारी कुणाच्या शेजारी बसून जेवायचे, हा प्रश्न आमच्यापुढे होता. ताईंचे मोठेपण मला त्या दिवसांत कळले. त्याआधी मी त्यांना फक्त चांगल्या समजत होतो.

शेजारचुलीची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथे दानाचे ताट नाही. जो जेवणार त्याने आधी हाताला येईल ते काम करायचे. पंगतीत आपल्या घरच्या किंवा आपल्या गल्लीतल्या माणसाशेजारी बसायचे नाही. आणि कुणीही कुणाला नाव, आडनाव, गाव, जात विचारायची नाही. मग हाक कशी मारायची? तर ज्याच्या त्याच्या कामावरून. मी लसूणकाका. ज्यांच्या सासऱ्यांनी ही वखार वापरायला दिली त्या गावठाणातल्या शेतकरी घरच्या बाई म्हणजे भाकरीच्या काकू. कंपनीतून दुपारच्या सुट्टीत येणारी, कानात फोनचे ते बोंडूक खुपसून "सर, दोन मिनिटं, आय ॲम ऑन अ कॉल" असे कुणाला तरी सांगत सांगत काकडी चोचवणारी मुलगी म्हणजे कोशिंबीर. इमारतींवरचे सुरक्षारक्षक, धुणीभांडी करणाऱ्या बायका, माझ्यासारखे एकटे पडलेले म्हातारे, सगळे असेच. मी दुकानात चाळीस वर्षे माणसांत उभा होतो, पण जेवताना शेजारच्याच्या पानात काय संपले आहे ते बघायची सवय मला या वखारीत लागली.

हा नियम ताईंना कुठून सुचला, ते त्यांनी एकदाच सांगितले. ताईंचे घर बौद्ध. वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा ताई लहान होत्या. पुढे त्या शिकल्या, टपालखात्यात लागल्या, आणि पत्रांची वर्गवारी करण्यात त्यांची नोकरी गेली. नोकरीच्या पहिल्या दिवशी दुपारी डबे उघडण्याआधी शेजारच्या बाईंनी त्यांना पूर्ण नाव विचारले. ताईंनी सांगितले. "तर त्या म्हणाल्या, अगंबाई, आज माझा उपवास आहे. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाईंचा उपवास. अहो, त्या खात्यात इतके उपवास होते, की देवांनाही वार पुरले नसतील." हे सांगताना ताई हसल्या, आम्हीही हसलो. मग मी मान खाली घालून लसूण सोलत राहिलो. आमच्या घरातही असले उपवास झालेले मला आठवत होते.

भाकरीच्या काकूंचे आणि ताईंचेही असेच काहीसे झाले होते. स्वयंपाकघर सुरू होऊन वर्ष व्हायच्या आत एका वर्तमानपत्रात दोघींचा फोटो छापून आला आणि त्याखाली ताईंचे संपूर्ण नाव. दुसऱ्या दिवशी काकू आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. ताईंनी निरोप पाठवला नाही, चौकशी केली नाही, स्वतः भाकऱ्या थापल्या. त्या जाड झाल्या. चौथ्या दिवशी काकू आल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "सरका ताई, तुमच्या भाकरीनं म्हाताऱ्यांच्या दाढा पडत्याल." ताई सरकल्या. तीन दिवस कुठे होतात, असे त्यांनी तेव्हाही विचारले नाही आणि नंतरही नाही. कुणाला शरमेने मान खाली घालायला लावायचे नाही, हा ताईंचा स्वभाव. मी त्यांच्या जागी असतो तर एक तरी टोमणा मारल्याशिवाय राहिलो नसतो.

तर आमच्यात एक मेथीकाका होते. सत्तरीचे, सडपातळ, स्वच्छ पण विटलेला सदरा. ते रोज दहाला येत, मेथीची जुडी पुढ्यात ओढत आणि एकेक पान असे निवडत, की देठाचा तुकडा चुकूनही भाजीत जात नसे. बोलणे फार थोडे. डावीकडचे दात नव्हते म्हणून ताई त्यांची भाकरी कुस्करून, वर आमटी घालून पाच मिनिटे आधीच ठेवत. वांगे त्यांना चालत नसे. वांग्याच्या दिवशी ताई त्यांच्यासाठी वाटीभर पिठले करत. पाणी ते जेवण संपल्यावरच पीत. दोन वर्षे ते माझ्या समोरच्या पाटावर बसत होते. मला त्यांच्याबद्दल एवढेच माहीत होते आणि तेवढे पुरेसे आहे असे मला वाटत होते.

पूर्णपणे तसे वाटत होते, असेही नाही. पुस्तकाच्या दुकानातला माणूस मी, यादी नसली की बेचैन होतो. येणाऱ्यांची एक नोंदवही ठेवू या, असे मी ताईंना दोनतीनदा म्हणालो होतो. त्यांचे उत्तर ठरलेले होते. "नोंदवही आली की आडनाव आलं. आडनाव आलं की उपवास आले."

दोन वर्षांपूर्वीच्या पौषात एके दिवशी मेथीकाका वखारीच्या पायरीवर चढता चढता कोसळले. ताईंनी आणि मी त्यांना रिक्षात घातले आणि सरकारी रुग्णालयात नेले. त्यांना आत घेतले. बाहेरच्या टेबलावरच्या बाईंनी कागद पुढे ओढला.

"पेशंटचं नाव?"

"मेथीकाका," ताई म्हणाल्या.

बाईंनी वर पाहिले. "अहो, नाव. पूर्ण नाव."

ताईंनी माझ्याकडे पाहिले. मी भिंतीकडे पाहिले.

"राहतात कुठं?"

ते आम्हाला ठाऊक नव्हते.

"तुम्ही कोण त्यांचे?"

"आम्ही रोज एकत्र जेवतो," ताई म्हणाल्या.

त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, एखादे नाव आम्हाला आठवेल म्हणून. मग त्यांनी कागदावर 'अनोळखी पुरुष' असे लिहिले आणि सही करायला कागद ताईंपुढे केला. ज्या बाईंनी टपालखात्यात दिवसाला हजारो नावे वाचली, एकेका अक्षरावरून गाव ओळखून पत्र मार्गी लावले, त्या ताईंनी 'अनोळखी' या शब्दाखाली सही केली.

बाहेर व्हरांड्यात आलो तेव्हा मी म्हणालो, "मी तुम्हाला सांगत होतो."

हे वाक्य मी का बोललो याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला भीती वाटत होती, हे एक कारण. दुसरे कारण असे, की आपले बरोबर ठरले याचा एक क्षुद्र आनंद मला त्याही वेळी झाला होता. ताईंनी पदर तोंडाशी धरला. त्या वाक्याबद्दल मी त्यांची माफी कधी मागितली नाही. या लेखातून, सर्वांसमोर मागतो.

तीन दिवस मेथीकाका शुद्धीवर आले नाहीत. आमच्यापैकी ज्याला जमेल त्याने त्यांचा फोटो घेऊन हडपसरचा सगळा बाजार, भाजीचे गाळे, गोदामे पालथी घातली. पंगतीच्या एका फोटोत ते कोपऱ्यात होते, तोच मोठा करून घेतला होता. एका गोदामात, हा बाबा इथे झोपायचा, एवढे कळले. नाव तिथेही कुणाला माहीत नव्हते. तिसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. पोलिसांची कारवाई, ठरलेली मुदत, सगळे झाले. अंत्यसंस्काराच्या वेळी पुन्हा एक अर्ज होता आणि त्यात धर्माचा रकाना होता. ताईंच्या हातातले पेन तिथे थांबले. पोलिसांनी त्यांच्या नियमाप्रमाणे काय ते भरले. आम्ही सहा जण विद्युतदाहिनीपाशी उभे होतो. परत येताना रिक्षात ताई म्हणाल्या, "आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, याची जात-धर्म मला माहीत असायला हवा होता. लाज वाटते हो मला, तसं वाटल्याची. आणि माहीत नव्हतं, त्याचीही वाटते."

इथे ही घटना संपली असती तर ताई कदाचित सावरल्या असत्या. पण दोन महिन्यांनी एक बाई वखारीत आल्या. चाळिशीच्या असतील. हातात कापडी पिशवी आणि पोलीस चौकीतून मिळालेली फोटोची प्रत. पंगत नुकतीच बसत होती.

"ह्यो माझा बाप हाय," त्या म्हणाल्या. "ज्ञानोबा नाव त्येंचं."

आमच्यातल्या कितीतरी जणांनी ते नाव ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिले. मीही पाहिले. बाई बार्शीजवळच्या एका खेड्यातून आल्या होत्या. आई गेल्यावर वडील घरात कुणाशी बोलेनासे झाले, जावयाशी शब्दाला शब्द झाला आणि एक दिवस निघून गेले. तेव्हापासून मुलगी त्यांना शोधत होती.

ताईंनी त्यांना बसायला पाट दिला. ते इथे दोन वर्षे येत होते, मेथी निवडत होते, भाकरी कुस्करून खात होते, असे सगळे सांगितले. "वांगं चालायचं नाही त्यांना," ताई म्हणाल्या.

"वांगं?" बाई म्हणाल्या. "आवं, घरात रोज वांग्याचंच कालवण लागायचं त्येंला. आई करायची." त्यांनी हातातल्या फोटोकडे पाहिले. "आई गेल्यावर सोडलं आसंल."

त्या रडल्या. रडणे ओसरल्यावर त्यांनी विचारले, "दवाखान्यात किती दिस हुते?"

"तीन," ताई म्हणाल्या.

"तीन दिस जित्ता हुता माझा बाप." बाईंचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरे झाले असते. "बार्शीवरनं यष्टीनं सा तासात येती मी. तुमी दोन वर्सं जेवाया घातलं, लई उपकार झालं. पर येकदा नाव इचारलं आसतं तर त्येच्या तोंडात पानी मी घातलं आसतं."

ताईंनी स्वतःच्या बाजूने एक अक्षर काढले नाही. नियमामागची गोष्ट सांगितली नाही, उपवास सांगितले नाहीत. फक्त म्हणाल्या, "खरं आहे. माझं चुकलं." कुणीतरी ताट वाढून आणले. बाईंनी ते हाताने बाजूला सारले, फोटो पिशवीत ठेवला आणि त्या न जेवता, पाण्याचा घोटही न घेता गेल्या. शेजारचुलीतून उपाशी गेलेले माणूस मी तेवढे एकच पाहिले.

दुसऱ्या दिवसापासून ताई आल्या नाहीत. आम्ही चुली पेटवत होतो, भात लागत होता, आमटी पाणचट होत होती. पण खरी अडचण ती नव्हती. पंगतीत माणसे एकमेकांकडे बघेनाशी झाली होती. प्रत्येकाला आपल्या शेजारचा माणूस एकाएकी परका वाटू लागला होता, आणि त्याला आता विचारायचे तरी कसे, हेही कळत नव्हते. काही जण लवकर जेवून उठू लागले. मेथीच्या जुड्या कुणी हातात घेईना, त्या तशाच पिवळ्या पडत. मला वाटले, झाले, आता आपण पुन्हा दूध-ब्रेडवर.

दहाव्या दिवशी भाकरीच्या काकूंनी मला सांगितले, "चला वो लसूणकाका, ताईंकडं जाऊन येऊ." ताई एकट्याच राहतात. दार उघडे होते आणि त्या खिडकीशी खुर्चीवर बसल्या होत्या. आम्हाला पाहून म्हणाल्या, "कागद सही करून देते. तुम्ही सगळ्यांनी कमिटी करून चालवावं. मला आता जमायचं नाही." आणि मग, माझ्याकडे न बघता, "अहो, पत्ता अपुरा असला तर आम्ही पत्रावर तसा शेरा मारून परत पाठवायचो. कुठून आलं ते तरी ठाऊक असायचं. मी तर माणूस तसाच ठेवून घेतला."

यावर बोलल्या त्या काकू.

"ताई, एक सांगते. कधी बोलले न्हाई. फोटो छापून आला, मी तीन दिवस घरी बसले, ठाऊक हाय ना तुमाला? का बसले तेबी ठाऊक हाय. पयल्या दिवशीच तुमी मला नाव इचारलं आसतं, आन तुमचं सांगितलं आसतं, तर मी उंबरा चढलेच नसते. वखारबी दिली नसती मामंजींनी. तवा इचारलं न्हाई म्हून मी आले, बसले, भाकरी केली. नाव मागनं कळलं. तवर हात पिठात हुते, मग कुठं जातीय! तवा न्हाई इचारलं ते बराबर हुतं. आता मातर इचारा. आता कुनी उठून जायाचं न्हाई, आन गेलं तर मी हाय."

मग दोघी रडल्या. मी खिडकीतून बाहेर पाहत राहिलो, कारण मलाही आवरत नव्हते.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. त्यांच्या हातात एक साधी दोनशे पानी वही होती. दारातच खुर्ची टाकून त्या बसल्या. त्यांनी रकाने आखले होते दोनच. पहिला नावाचा, आणि त्यात जेवढे सांगावेसे वाटेल तेवढेच. दुसऱ्या रकान्यावर लिहिले होते, 'काही झालं तर कुणाला कळवायचं?' जिने आयुष्यभर हा प्रश्न लोकांच्या तोंडून भोगला, त्या बाईने सत्तरी ओलांडल्यावर दारात बसून स्वतः लोकांना नाव विचारायचे, याला काय लागत असेल! पहिल्याच माणसाला विचारताना ताईंचा आवाज फुटला. तरी त्यांनी विचारले. आपला नियम मोडायचे धैर्य किती माणसांत असते ते मला सांगता येणार नाही. मी तरी तसे दुसरे कुणी पाहिलेले नाही.

काकूंचे भाकीत पुरते खरे ठरले नाही, हेही लिहायला हवे. काही जण उठून गेले. धुणीभांडी करणाऱ्या दोन बायका वही बघून मागच्या मागे वळल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत. त्यांना कुणाला काही कळू द्यायचे नसेल. पान वाढायच्या वेळी ताई अजून गल्लीच्या तोंडाकडे पाहतात. ज्या नियमाने एकाला अनोळखी म्हणून घालवले, तो मोडल्याने दोघींना घालवले, असे त्या एकदा म्हणाल्या.

वहीने आम्हाला आणखी एक गोष्ट दाखवली, ती विसरू म्हटले तरी विसरता येत नाही. पहिला रकाना सगळ्यांनी पटकन भरला. दुसऱ्यापाशी माणसे थांबत. कंपनीतल्या कोशिंबिरीने आईचा नंबर लिहिला आणि लगेच खोडला, "ती टेन्शन घेईल हो, ताई." एका रखवालदाराने भावाचे नाव सांगितले, मग म्हणाला, "नको, तो यायचा नाही." कितीतरी जण पेन हातात धरून नुसते बसून राहिले. इतक्या गर्दीत, इतक्या इमारतींत, इतक्या माणसांना कळवण्याजोगे कुणी नाही! आम्ही दुपारी जेवायला एकत्र येत होतो ते भुकेपोटी नव्हे, हे मला तेव्हा लख्ख कळले. माझीही पाळी आली. मला मूलबाळ नाही. पत्नी गेली. एक चुलतभाऊ होता, तोही गेला. "विचार करून सांगतो," म्हणून मी वही पुढे सरकवली. ताईंनी आग्रह केला नाही. "सावकाश," म्हणाल्या.

बार्शीच्या बाईंना ताई दर महिन्याला पत्र लिहितात. पोस्टकार्ड, पूर्ण पत्ता, पिनकोडसह. आजवर एकाही पत्राला उत्तर आलेले नाही. ताई लिहिणे थांबवत नाहीत. पत्र परत आलेले नाही, म्हणजे पोचते आहे, असे त्यांचे टपालखात्यातले गणित आहे.

आता ताईंचा हात थरथरतो. पळी धरली की आमटी सांडते, म्हणून त्या वाढायचे काम दुसऱ्यांना देतात आणि दारातल्या खुर्चीवर वही घेऊन बसतात. पूर्वीइतक्या हसत नाहीत. या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्यांचे पूर्ण नाव छापले आहे, छायाचित्र आहे, आत मान्यवरांचे संदेश आहेत. ते सगळे योग्यच आहे. माझ्या लेखात मात्र त्या नुसत्या विमलताई आहेत, आणि मला तेवढेच ठाऊक आहे असे समजावे.

अशा लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचे असते. मीही चिंततो, पण त्यात माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. विमलताई, परवा आपण पाणी प्यायला आत गेलात तेव्हा मी वही उघडून माझ्या नावापुढचा रकाना भरला. तिथे आपले नाव लिहिले आहे. आपण माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या आहात, हे मला ठाऊक आहे. तरीही आपण प्रकृतीला जपा, औषधे वेळेवर घ्या, आणि माझ्यानंतर निदान एक दिवस तरी राहा. कारण माझी बातमी घेऊन कुणी आले, तर ती ऐकून घेणारे या शहरात दुसरे कुणी नाही.